मदत हवी आहे: 'वू'नंतर सासूबाईंना कुठली कोरियन मालिका दाखवू?

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, स्वमग्न. सासूबाई ७४ च्या. त्यांच्या लेखी आजवर हा हट्टी आणि मी त्याला लाडावून ठेवणारी. डॉक्टरांचे कागद वाचून दाखवले, ढिम्म. शेवटी दोन महिन्यांपूर्वी नेटफ्लिक्सवर 'एक्स्ट्राऑर्डिनरी अ‍ॅटर्नी वू' लावली. मी शेजारी बसून सबटायटल मराठीत सांगायचे. चौथ्या दिवसापासून त्याच हाका मारायला लागल्या, "अगं, ती मुलगी लाव."

फरक पडला, हे खरं. मालिकेतली 'वू' म्हणजे उ यंग-उ, स्वमग्न वकील. ती रोज किंबापच (समुद्रशेवाळात गुंडाळलेला भाताचा रोल) खाते, कारण त्यात काय काय घातलंय ते सगळं दिसतं, तोंडात भलतंच काही येत नाही. हे ऐकून सासूबाई गप्प झाल्या. आमच्याकडे वरणात कढीपत्त्याचं पान दिसलं की ताट सरकलंच. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोडणीच्या आधी वाटीभर वरण वेगळं काढून ठेवलं होतं, मला न सांगता. फिरत्या दारापाशी अडणारी यंग-उ वॉल्ट्झ नाचाच्या एक-दोन-तीन तालावर आत शिरायला शिकते, तेव्हापासून आमच्या लिफ्टपाशी आजी-नातवाचं "एक दोन तीन" चालतं. तिचं नाव उलटसुलट सारखंच, म्हणून मी मुलाला 'चिमा काय कामाची' शिकवलं. आता दिवसातून चाळीसदा. चूक माझीच.

अडचण अशी की यंग-उला सगळे कायदे तोंडपाठ, देवमाशांचं तर वेडच. त्यामुळे सासूबाईंना वाटतं की ह्याच्यातही काहीतरी दडलंय आणि आपणच शोधायला कमी पडतोय. गणपतीत सगळे जमले होते. "सांग बाळा, १५ ऑगस्ट १९४७ ला वार कुठला?" दहा जण टक लावून बघतायत. त्याने कानांवर हात ठेवले. नंतर स्वयंपाकघरात मला हळूच विचारतात, "याला देवमासे तरी आवडतात का गं?" त्याला बाटल्यांची झाकणं आवडतात. त्यातून काही निघणार नाहीये, आवडतात एवढंच.

तर अशी मालिका सुचवा जिच्यातला स्वमग्न माणूस अचाट नाही. मी पाहिलेल्या: 'गुड डॉक्टर' (२०१३) मधला शि-ओन सर्जन. 'मूव्ह टू हेवन' (२०२१) मधल्या ग्रूची स्मरणशक्ती अफाट. 'इट्स ओके टू नॉट बी ओके' (२०२०) मधला सांग-ते त्यातल्या त्यात जवळचा वाटतो, पण तोही चित्रकार निघतो.

ता. क. 'वू'चा तिसरा भाग मी मुद्दाम गाळला. आत्महत्येचा विषय आहे, म्हटलं नको.

प्रतिसाद १
ताई, नेमका तोच गाळलात! त्यातला आरोपी मुलगा स्वमग्नच आहे, पण फारसं बोलता न येणारा. पेंगसू नावाच्या पेंग्विनवर त्याचा जीव. आणि यंग-उ स्वतः स्वमग्न असून तिलाही त्याच्याशी बोलायची वाट शोधावी लागते. त्याचा मेलेला भाऊ वैद्यकीचा विद्यार्थी. बातमीखाली लोक लिहितात की तो गेला आणि हा उरला, देशाचं नुकसान झालं. त्याला शेकडो लाइक. ते यंग-उला लागतं. हुशार आहे म्हणून हिच्यावर माया करताय का, हे लेखिका मून जी-वन तिसऱ्याच भागात आपल्याला विचारून मोकळी होते. १६ भागांतला माझ्या मते सगळ्यात धीट भाग.

प्रतिसाद २
सांग-तेला एवढ्यात बाद करू नका. ओह जंग-सेने काम काय केलंय! सासूबाईंना चित्रांपेक्षा दोघा भावांची भांडणं दाखवा. शिवाय 'अवर ब्लूज' (२०२२). त्यात स्वमग्नता नाही, डाउन सिंड्रोम आहे. पण जंग उन-हे या अभिनेत्रीला खरोखरच डाउन सिंड्रोम आहे, वर सांगितलेल्या सगळ्यांचा अभिनय होता. बहिणीला तिची लाज वाटते, ओझं वाटतं, ते लपवलेलं नाही. आधीच सांगते, चित्रं तिथेही आहेत.

धागाकर्ती
१, पटलं. मुलाला झोपवून आज तिसरा लावते, आत्महत्येचं आधी सांगून ठेवीन. भाग तासाभराहून मोठा आणि त्या साडेनऊला झोपतात, म्हणजे दोन रात्री जाणार. २, चित्रं कुणी काढत नाही अशी एखादी अजूनही हवीच आहे.