ओल्ड स्कूल रूनस्केप: संथपणा हा या खेळाचा गुण मानावा की दोष?

माळरान:

नमस्कार मंडळी. ऑनलाइन फँटसी रोल-प्लेइंग गेम मी बऱ्याच काळापासून खेळत आलो आहे, परंतु ओल्ड स्कूल रूनस्केपकडे आजवर कधी वळलो नव्हतो. मित्रांच्या आग्रहावरून नुकतेच अकाउंट उघडले आणि आता बुचकळ्यात पडलो आहे. इतर खेळांत पहिल्या तासाभरातच तलवारीतून ज्वाळा निघू लागतात आणि कोणीतरी राजा आपल्याला जगाचा तारणहार ठरवून मोकळा होतो. इथे मात्र मी अजून लम्ब्रिज या सुरुवातीच्या गावाजवळ जाळे टाकून कोळंबी पकडतो आहे, ती जाळून कोळसा करतो आहे आणि एकेका लेव्हलची वाट पाहतो आहे. चित्रे जुनाट आहेत, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझा प्रश्न संथपणाचा आहे. तो जाणीवपूर्वक ठेवलेला आहे, की जुना खेळ म्हणून लोक तो चालवून घेतात? मेंबरशिप, म्हणजे पैसे भरून मिळणारे सदस्यत्व, घेतल्यावर यात काही फरक पडतो का? आणि सारे काही स्वबळावर मिळवायच्या आयर्नमॅन या प्रकाराची एवढी स्तुती ऐकतो, तो नवख्याने सुरुवातीलाच निवडावा का? अनुभवी खेळाडूंनी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन.

दगडफोड्या:

आपला प्रश्न रास्त आहे, मात्र उत्तर देण्याआधी या खेळातील लेव्हलचे गणित समजून घेतलेले बरे. एखादे स्किल (मासेमारी, स्वयंपाक यांसारखे कौशल्य) 99पर्यंत नेण्यासाठी 1,30,34,431 एक्सपी (अनुभवाचे गुण) लागतात आणि 92पर्यंत नेण्यासाठी 65,17,253, म्हणजेच ज्याला आपण शेवटचा टप्पा समजतो त्या 92वर पोचलेला खेळाडू प्रत्यक्षात निम्म्याच वाटेवर असतो. दर सात लेव्हलमागे लागणारे कष्ट साधारण दुप्पट होत जातात. हे कळल्यावर काही जण हिरमुसतात, पण मला यातून नेमका उलटा अर्थ दिसतो: 99 ही मिरवण्याची गोष्ट आहे, ती गाठली की खांद्यावर त्या स्किलची केप येते, मात्र खेळातील बहुतांश क्वेस्टना, म्हणजे कथेतून मिळणाऱ्या मोहिमांना, 70च्या आसपासच्या लेव्हल पुरतात आणि तिथवरचा रस्ता त्या मानाने बराच सोपा आहे. नवखे खेळाडू दमतात, कारण ते पहिल्या दिवसापासून आकड्यांच्या मागे लागतात.

या खेळाचा जीव त्याच्या क्वेस्टमध्ये आहे, असे माझे ठाम मत आहे. लम्ब्रिजच्या किल्ल्यातल्या आचाऱ्याची क्वेस्ट अजून केली नसेल तर कोळंबी बाजूला ठेवून आधी ती करावी. ड्यूकच्या वाढदिवसाच्या केकसाठी त्याला एक अंडे, बादलीभर दूध आणि भांडेभर पीठ हवे असते, बस्स एवढेच. पण पीठ कुठेही आयते मांडून ठेवलेले नसते. शेतातून गहू खुडायचा, पवनचक्कीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर चढून तो हॉपरमध्ये टाकायचा, शेजारची दांडी ओढायची, मग जिना उतरून खाली साचलेले पीठ रिकाम्या भांड्यात भरून घ्यायचे. हे सारे करताना तुम्हाला कोणीही बाण दाखवून नेत नाही. चक्की कशी चालते हे तुम्ही स्वतः शोधून काढता आणि नंतर कधीही पीठ लागले की ती चक्की तुमच्या ओळखीची असते. अनेक खेळांत क्वेस्ट म्हणजे ‘अमुक दहा लांडगे मारून या’ एवढाच हुकूम असतो. इथे दीडशेहून अधिक क्वेस्ट आहेत, आणि त्यांतील बऱ्याच क्वेस्टना स्वतःचे कथानक, स्वतःची कोडी आणि एक तिरकस विनोद आहे. संवाद वाचणाऱ्याला हा खेळ संथ वाटत नाही. स्पेसबार दाबून ते पुढे ढकलणाऱ्याला तो असह्य होणारच.

अर्धविराम:

दगडफोड्या यांनी क्वेस्टबद्दल लिहिलेले मला मान्य आहे, पण दोन क्वेस्टच्या मधल्या काळाबद्दल त्यांनी सोयीस्कर मौन पाळले आहे. मी हा खेळ दीर्घकाळ खेळून सोडला, म्हणून दुसरी बाजूही मांडतो. एखाद्या चांगल्या कथेच्या दारावर ‘अजिलिटी 70’, म्हणजे चपळाईच्या स्किलची 70वी लेव्हल हवी, अशी पाटी असते आणि ती पाटी ओलांडण्यासाठी त्याच त्या छपरांवरून, त्याच त्या क्रमाने, शेकडो फेऱ्या माराव्या लागतात. त्या फेऱ्यांत शोधण्यासारखे काही नसते आणि चुकण्यासारखेही फारसे नसते. त्यावर खेळाडूंचे ठरलेले उत्तर असे की, दुसऱ्या पडद्यावर काहीतरी पाहत बसावे आणि इकडे अधूनमधून क्लिक करावे. ज्या खेळाची शिफारस ‘खेळताना लक्ष दुसरीकडे ठेवता येते’ अशी करावी लागते, त्याच्या रचनेत काही उणीव आहे असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

बॉटचा, म्हणजे माणसाऐवजी आपोआप खेळणाऱ्या प्रोग्रामचा, प्रश्नही इथूनच उगवतो. जे काम माणसाने लक्ष न देता करायचे आहे, ते यंत्राकडून करून घेण्याचा मोह होणारच. झाडे तोडणारी, मासे पकडणारी, खाणीत ठोके घालणारी निर्जीव अकाउंटे खेळात इतकी दिसतात, याचे कारण केवळ लोभ नव्हे, ते काम मुळातच यंत्राला साजेसे आहे. शिवाय विकीवर, म्हणजे या खेळाच्या ऑनलाइन माहितीकोशावर, प्रत्येक पद्धतीचे ‘तासाला किती एक्सपी’ असे कोष्टक तयार असते, आणि एकदा ते पाहिले की मासेमारीसुद्धा हजेरीपटावर सही केल्यासारखी वाटू लागते. हा दोष खेळाडूंचा आहे, असे कोणी म्हणेल. मला तो निम्मा खेळाचाही वाटतो, कारण आकडे इतके मोठे ठेवल्यावर माणूस हिशेब करणार नाही तर काय करेल?

तिसरा प्रहर:

वरील दोन्ही मते स्किलविषयी आहेत. लढाईविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून थोडे लिहितो, कारण तिथे संथपणा हा शब्दच गैरलागू ठरतो.

या खेळाचे घड्याळ 0.6 सेकंदाच्या ठोक्यावर चालते, ज्याला खेळाडू टिक म्हणतात. तुमची प्रत्येक कृती आणि शत्रूचा प्रत्येक वार या ठोक्यांवरच घडतो. सुरुवातीला हे अडखळल्यासारखे वाटते, पण पुढे कळते की सगळी लढाई तालावर बसवलेली आहे. उत्तम उदाहरण म्हणजे फाइट केव्ह्ज या गुहांमधला शेवटचा राक्षस, जॅड. शत्रूंच्या एकामागून एक 62 लाटा निस्तरल्यावर, तास-दीड तासाच्या एकाग्रतेनंतर, 63व्या लाटेत तो एकटा समोर येतो. त्याच्या एका फटक्यात 97पर्यंत हानी होऊ शकते, आणि खेळाडूचे हिटपॉइंट (जीवशक्ती) फार तर 99 असतात. बचाव एकच, योग्य प्रेयर (ठरावीक हल्ला अडवणारी प्रार्थना) योग्य क्षणी लावणे. तो मागच्या पायांवर उभा राहून पुढचे पाय अधांतरी धरतो तेव्हा जादूचा हल्ला येणार असतो. पुढचे पाय जमिनीवर आदळतो तेव्हा दुरून मारा होणार असतो. ही खूण ओळखून प्रेयर बदलली, तर तोच जीवघेणा वार शून्यावर येतो. त्याची ताकद निम्म्यावर आली की त्याला बरे करणारे मदतनीस धावून येतात, त्यांना आपल्या अंगावर ओढून घ्यायचे, आणि हे करताना जॅडच्या पायांवरची नजर हलू द्यायची नाही. बहुतेकांचा पहिला प्रयत्न या मदतनिसांपाशीच फसतो.

आता हे पाहा की यात बोटांची चपळाई फारशी लागत नाही, दोन चिन्हांवर क्लिक एवढाच मामला आहे. तरीही हात थरथरतात, कारण चुकले तर पुन्हा पहिल्या लाटेपासून सुरुवात. अर्धविराम यांना ज्या वेळखाऊपणाचा राग आहे, त्याच वेळखाऊपणामुळे जॅडची भीती खरी वाटते. थेट जॅडपासूनच पुन्हा सुरू करण्याची सोय असती, तर त्याला हरवल्यावर मिळणाऱ्या फायर केपकडे कोणी ढुंकूनही पाहिले नसते.

जुनी वही:

संथपणा जाणीवपूर्वक ठेवलेला आहे का, या मूळ प्रश्नाचे उत्तर खेळाच्या इतिहासात सापडते. मूळ रूनस्केप 2001 मध्ये आला. नोव्हेंबर 2012 मध्ये त्याची लढाईची पद्धत आमूलाग्र बदलली आणि अनेक जुने खेळाडू दुरावले. त्यानंतर ऑगस्ट 2007 मधील जतन करून ठेवलेली प्रत पुन्हा सुरू करावी का, यावर मतदान झाले. सुमारे साडेचार लाख मते पडली आणि फेब्रुवारी 2013 मध्ये आजचा ओल्ड स्कूल अवतरला. म्हणजे हा खेळ केवळ जुना राहिलेला नाही, लोकांनी मागणी करून तो परत आणला आहे.

तेव्हापासून मोठी भर घालायची तर खेळाडूंचे मत घ्यायचे, अशी प्रथा पडली. मंजुरीसाठी आधी 75 टक्के मते लागत, 2022 पासून ही अट 70 टक्क्यांवर आली. सेलिंग (जहाज हाकणे) या स्किलचा प्रस्ताव 2015 मध्ये पुरेशा मतांअभावी बारगळला, 2023 मध्ये तो पुन्हा येऊन निवडला गेला आणि 2025 मध्ये ते प्रत्यक्ष खेळात उतरले. एका नव्या स्किलसाठी दहा वर्षे! या पद्धतीचा मी पुरस्कर्ता आहे, तरी तिच्यातला एक पेच मान्य करायला हवा. मतदान करतात ते मुरलेले खेळाडू, आणि ज्याने एखाद्या स्किलच्या 99साठी महिनेच्या महिने घालवले, तो नवख्यासाठी तीच वाट सोपी करण्याच्या प्रस्तावाला सहजासहजी होकार देत नाही. त्यामुळे संथपणामागे थोडे तत्त्व आहे आणि थोडा ‘आम्ही सोसले, आता तुम्हीही सोसा’ हा बाणाही आहे.

बाँडचा मात्र मला मनापासून विरोध आहे. खऱ्या पैशांनी बाँड घ्यायचा, तो खेळातील सोन्याच्या मोबदल्यात विकायचा. घेणाऱ्याला त्यातून 14 दिवसांची मेंबरशिप मिळते. चोरट्या सोने-विक्रीला यामुळे आळा बसतो, हा युक्तिवाद मी ऐकला आहे, आणि तो अगदीच चुकीचा नाही. पण ज्या खेळाचा सारा अभिमान कष्टांवर उभा आहे, तिथे कष्टांची अशी राजरोस विक्री विसंगत वाटते. आयर्नमॅनची लोकप्रियता मला याच संदर्भात कळते. 2014 मध्ये आलेल्या या प्रकारात कोणाशी देवाणघेवाण नाही, ग्रँड एक्सचेंज हा खेळाडूंचा बाजार बंद, जे हवे ते स्वतः मिळवायचे किंवा स्वतः बनवायचे. तिथे सोने विकत घेऊन काही साधत नाही, आणि एरवी कवडीमोल असलेल्या वस्तूलाही मोल येते. तरीही नवख्याने त्यापासून सुरुवात करू नये, असेच मी सांगेन. कोणती वस्तू कुठे मिळते हे ठाऊक नसताना आयर्नमॅन म्हणजे दर पावलाला विकी उघडणे, आणि शोधण्याची मजा त्यातच संपते. सोबतीला मित्र असतील तर दोन ते पाच जणांचा ग्रुप आयर्नमॅन पुढे कधीतरी जरूर करून पाहावा.

माळरान:

सर्वांचे आभार. आचाऱ्याची क्वेस्ट आज केली. पवनचक्कीत दांडी ओढून झाल्यावर पीठ कुठे गेले ते शोधत मी वरच्याच मजल्यावर बराच वेळ फिरत होतो. अर्धविराम यांचा आक्षेपही मला पटतो, त्यामुळे एवढेच विचारतो: लढाईच्या सुरुवातीच्या लेव्हलचा कंटाळा टाळण्याचा काही मार्ग आहे का, आणि त्यासाठी मेंबरशिप लागेल का?

दगडफोड्या:

मार्ग आहे, आणि त्यासाठी मेंबरशिप लागेल. विनामूल्य खेळात 24 पैकी 15 स्किल आणि मोजक्याच क्वेस्ट मिळतात. खेळाचा स्वभाव कळण्यास ते पुरेसे आहे, त्यामुळे घाई करू नये, आधी विनामूल्य क्वेस्ट उरकाव्यात. मेंबरशिप घेतल्यावर मात्र सर्वप्रथम वॉटरफॉल क्वेस्ट करावी. तिच्या शेवटी अटॅक आणि स्ट्रेंग्थ या दोन्हींत 13,750 एक्सपी मिळतात, म्हणजे लेव्हल 1चा खेळाडू थेट 30वर पोचतो, आणि त्यासाठी कोणालाही मारावे लागत नाही. या क्वेस्टमधल्या ग्लॅरियलच्या थडग्यात शिरताना शस्त्र, चिलखत किंवा रून (जादूसाठी लागणारे दगड) जवळ ठेवता येत नाहीत, म्हणून आधी सर्व सामान बँकेत ठेवावे, सोबत फक्त क्वेस्टच्या वस्तू आणि भरपूर खाणे घ्यावे, आणि धबधब्यामागच्या गुहेत आगीच्या राक्षसांसमोर थांबू नये, सरळ धावत सुटावे.

अर्धविराम:

या सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे. फक्त एक पुस्ती जोडतो: ग्रँड एक्सचेंजपाशी ‘तुमचे सोने दुप्पट करून देतो’ असे ओरडणारे लोक भेटतील. पहिल्यांदा थोडे सोने दिले तर ते खरोखरच दुप्पट करून परत देतात. मोठी रक्कम हाती आली की गायब होतात. तसेच कोणी ‘चल, चांगली वस्तू देतो’ म्हणून वाइल्डरनेसमध्ये बोलावले तर जाऊ नये, कारण तिथे दुसरे खेळाडू तुम्हाला मारू शकतात आणि तीन सर्वांत मौल्यवान वस्तू सोडल्या तर बाकी सारे गमवावे लागते.