काळ्या, खडतर वळणाचे टेबलटॉप रोलप्लेइंग गेम: विकत घेण्याआधी पारख कशी करावी?

इंदिरानगरचा जीएम

नमस्कार. नाशिकमध्ये आमचा पाच जणांचा गट आहे, आणि महिन्यातला एक रविवार ठरवून आम्ही कोणाच्या तरी घरी टेबलटॉप रोलप्लेइंग खेळतो, म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत आपापल्या पात्रांची गोष्ट पुढे नेतो; ती गोष्ट चालवणारा जीएम मी. आतापर्यंत आम्ही डन्जन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्तीच खेळत आलो आणि तिच्याविषयी माझी मोठी तक्रार नाही. मात्र गटातल्या दोघांना आता असा खेळ हवा आहे, ज्यात पात्रे साधी माणसे असतील, झालेली जखम अंगावर राहील आणि जिंकल्यावरही काहीतरी गमावलेले असेल. पाचव्या आवृत्तीत एक लांब विश्रांती घेतली की सगळे हिट पॉइंट (जिवाचे गुण) परत मिळतात, आणि शून्यावर गेलेल्या पात्राला मरण्याआधी फासा टाकून सावरण्याची संधी पुन्हा पुन्हा मिळते. त्यामुळे मी वर्णनात कितीही रक्त आणि चिखल ओतला तरी समोरचे निवांत चहा पीत असतात.

अडचण निवडीची आहे. वॉरहॅमर फँटसी रोलप्ले, कॉल ऑफ कथुलू, डेल्टा ग्रीन, मोर्क बोर्ग, ब्लेड्स इन द डार्क ही नावे सगळीकडे एकाच यादीत दिसतात, जणू ते सगळे एकाच जातीचे खेळ आहेत. परीक्षणे वाचावीत तर ती चित्रे, छपाई आणि त्या जगाचा इतिहास यांपाशीच थांबतात. छापील पुस्तक परदेशातून मागवायचे तर मूळ किमतीवर टपालखर्च आणि सीमाशुल्क चढते, म्हणून तूर्त एकच घेता येईल. अशा वेळी पुस्तक चाळताना नेमके काय पाहावे, हे जाणकारांनी सांगावे. आणखी एक गोष्ट आधीच नोंदवतो: आमच्यातली एक खेळाडू रुग्णालयाच्या अपघात विभागात डॉक्टर आहे आणि आठवडाभर जे पाहते तेच रविवारी पुन्हा नको, असे तिने स्पष्ट सांगितले आहे.

प्रतिसाद: उंदीरमाऱ्या

चित्रांविषयी आपण म्हणता ते खरे आहे, आणि म्हणूनच मी अशा खेळाचे पुस्तक हाती आले की जगाच्या वर्णनाची प्रकरणे बाजूला ठेवून आधी दुखापतीचे प्रकरण उघडतो. घाव बसल्यावर काय होते आणि तो किती दिवसांनी बरा होतो, या दोन्ही गोष्टी तेथे कळतात. परीक्षणे पहिल्या गोष्टीवर पानेच्या पाने खर्च करतात आणि दुसरी वगळतात, वास्तविक खेळाडूंचे वागणे दुसरीवर ठरते. वॉरहॅमर फँटसी रोलप्ले १९८६ मध्ये आला आणि त्याची चौथी आवृत्ती २०१८ ची आहे. तिच्यात डोके, हात, धड आणि पाय यांच्या गंभीर जखमांचे वेगवेगळे तक्ते आहेत, आणि हौशी मंडळी त्यांतल्या भयंकर ओळी मोठ्याने वाचून खूश होतात. मला त्या तक्त्यांच्या मागची पाने अधिक मोलाची वाटतात. साधे हाड मोडले तरी ते जुळायला तीस दिवस, आणि वर दहा बाजूंच्या फाशावर जेवढे पडतील तेवढे दिवस, लागतात. त्यानंतरही फाशाची एक चाचणी द्यावी लागते आणि ती हुकली तर हाड वाकडे जुळून उणीव कायमची राहते. जखम चिघळण्याचे आणि रोगाचे नियम वेगळेच. एवढे ठाऊक झालेला खेळाडू तलवार उपसण्याआधी लाच देऊन पाहतो, माफी मागून पाहतो, पळून पाहतो, आणि त्यासाठी जीएमला आवाज खोल करून बोलावे लागत नाही.

त्यानंतर मी पात्र कसे तयार होते ते पाहतो. या खेळाच्या मूळ पुस्तकात ६४ करिअर, म्हणजे पात्रांचे पेशे, आहेत आणि त्यांत भिकारी, हुजऱ्या, नावाडी, कबरी उकरणारा अशी माणसे सरदार-सरंजामदारांच्या शेजारी बसलेली आहेत. माझे टोपणनाव ज्याच्यावरून आले त्या उंदीर पकडणाऱ्याच्या सामानात गोफण, गोणपाट आणि एक लहानसा पण चावरा कुत्रा असतो. जादूची तलवार नसते. फाशाने दिलेले करिअर निमूट स्वीकारले तर अनुभवाचे गुण जास्त मिळतात, म्हणजे खेळाडूने क्षुद्र माणूस व्हावे यासाठी नियमच थोडे आमिष दाखवतात. पैशाचेही तसेच आहे. दोन साहसांच्या मधल्या काळात, हातचे पैसे नीट गुंतवले किंवा दडवले नसतील तर ते उडून गेले असे धरले जाते, आणि पुढच्या वेळी पात्र पुन्हा कामाच्या शोधात दारोदार फिरते. खडतरपणा असा रोजच्या व्यवहारात मुरलेला असला की तो टिकतो.

दोषही सांगायला हवा. चौथ्या आवृत्तीत लढाईत ‘अ‍ॅडव्हांटेज’, म्हणजे सरशीचे गुण, साचत जातात आणि प्रत्येकामागे यशाची शक्यता दहा टक्क्यांनी वाढते. ज्याची सरशी सुरू झाली त्याची ती वाढतच जाते, आणि दरम्यान जीएमचे अर्धे लक्ष हिशेबात अडकते. तुमच्या गटाला हिशेबाचा कंटाळा असेल तर हा खेळ जड जाईल.

प्रतिसाद: सातपूरचा निशाचर

उंदीरमाऱ्या यांचे दुखापतीविषयीचे म्हणणे मान्य आहे, पण त्यावर सगळी पारख उभी करणे मला पटत नाही. हाड मोडणे ही केवळ महाग पडणारी गोष्ट झाली. खेळ काळा कधी होतो, तर पात्राला जगण्यासाठी स्वतःचेच काहीतरी विकावे लागते तेव्हा. मी पुस्तकात तो सौदा शोधतो.

कॉल ऑफ कथुलू हा भयकथांचा खेळ १९८१ चा आहे आणि मानसिक स्वास्थ्य आकड्यात मोजण्याची कल्पना त्यानेच रूढ केली. तो आकडा घसरतो, एका फटक्यात पाच किंवा अधिक गुण गेले तर तात्पुरते वेड लागण्याची वेळ येते, आणि निषिद्ध ज्ञान जितके वाढेल तितकी स्वास्थ्याची कमाल मर्यादा कायमची खाली येते. हे शेवटचे कलम मला फार आवडते, कारण संकट उलगडण्यासाठी जे वाचायलाच हवे त्यानेच माणूस पोखरला जातो. तरीही यातला बराचसा ऱ्हास पात्रावर बाहेरून कोसळतो आणि खेळाडू तो पाहत राहतो.

डेल्टा ग्रीनमध्ये तसे नाही. तो १९९७ मध्ये कॉल ऑफ कथुलूचे पूरक पुस्तक म्हणून आला आणि २०१६ पासून स्वतंत्र खेळ झाला. त्यात पात्रे अमानवी संकटांशी गुपचूप लढणारे एजंट असतात आणि प्रत्येक एजंटच्या कागदावर त्याची जवळची माणसे, म्हणजे ‘बाँड’, आकड्यांसकट लिहिलेली असतात. काही भयंकर पाहून स्वास्थ्य घसरणार असेल तर खेळाडू चार बाजूंचा फासा टाकतो, तेवढी इच्छाशक्ती खर्च करतो, तेवढाच एका बाँडचा आकडा कमी करतो आणि त्या मानाने स्वास्थ्याची घट टाळतो. आमच्याकडे एका खेळाडूने पात्राच्या थोरल्या बहिणीचे नाव बाँड म्हणून लिहिले होते. तळघरातल्या प्रसंगात त्याने एकदा तिच्या आकड्यावर हात टाकला, पुढच्या खेपेला पुन्हा टाकला, आणि कारवाई संपल्यावर घरचे दृश्य खेळायची वेळ आली तेव्हा खोडरबराने झिजलेल्या त्या चौकटीत ‘तीन’ उरले होते. राखीपौर्णिमेला ती फोन करते असे मी म्हणालो, तर तो म्हणाला की माझा एजंट फोन उचलत नाही. मी काहीही भीषण वर्णन केले नव्हते. कागदावरच्या आकड्याने त्याच्याकडून ते वदवले.

याच खेळात हिंसेला सरावण्याचीही सोय आहे. सरावलेला एजंट हिंसेच्या प्रसंगी स्वास्थ्याच्या चाचणीत आपोआप यशस्वी होतो, पण त्याचा करिष्मा घटतो आणि प्रत्येक बाँडही तेवढ्याने उतरतो. फायदा आणि नुकसान एकाच वाक्यात लिहिणारा असा नियम दिसला की पुस्तक घ्यायला हरकत नाही, असे माझे मत आहे. उलट ज्या पुस्तकात क्रौर्याचे लांबलचक तक्ते आहेत, पण त्या क्रौर्याची किंमत कोणी मोजायची हे कोठेच लिहिलेले नाही, ते मी परत ठेवतो.

प्रतिसाद: वन-शॉटवाली

दोघांनीही मोलाचे लिहिले आहे, परंतु मूळ प्रश्नातला ‘महिन्यातला एक रविवार’ दोघांच्याही नजरेतून निसटलेला दिसतो. महिन्याच्या महिन्याला भेटणाऱ्या गटाला मागच्या वेळी कोणाचा पाय मोडला होता हेच आठवत नाही. त्याचे हाड सव्वा महिन्याने जुळले काय आणि दोन महिन्यांनी जुळले काय, टेबलावर फरक पडत नाही. त्यातच परीक्षा, लग्नसराई आणि गणपती येतात. म्हणून मी आणखी एक गोष्ट तपासते: पात्र मेल्यावर तो खेळाडू किती वेळात पुन्हा खेळायला लागतो. ज्या खेळात मरण सोपे आहे पण नवे पात्र करायला तासभर लागतो, तो खेळ त्या खेळाडूला उरलेली संध्याकाळ मोबाइलमध्ये ढकलतो.

स्वीडनमधल्या मोर्क बोर्गची इंग्रजी आवृत्ती २०२० मध्ये आली. तिची पिवळीजर्द, आरडाओरडा करणारी पाने पाहून अनेकांना वाटते की आत केवळ सजावट आहे. मला तसे वाटत नाही. हिट पॉइंट शून्याखाली गेले की पात्र मेले. नेमके शून्यावर थांबले तर चार बाजूंचा एक फासा ठरवतो की ते बेशुद्ध पडले, हात-पाय किंवा डोळा गेला, रक्तस्रावाने थोड्या तासांचे सोबती उरले की जागीच संपले. नवे पात्र फाशांवर काही मिनिटांत तयार होते. आणि जगाचा अंत येथे पार्श्वभूमीत नसून नियमात आहे. खेळातल्या प्रत्येक पहाटे जीएम एक फासा टाकतो, एक पडला की एक अरिष्ट कोसळते, आणि सातवे अरिष्ट आले की जग संपते व त्याबरोबर खेळही. कोणता फासा वापरायचा हे सुरुवातीलाच ठरते: शंभराचा घेतला तर वर्षानुवर्षे खेळता येईल, दोनाचा घेतला तर कदाचित एका रविवारीच सगळे उरकेल. आपल्याला किती दिवस खेळायचे आहे हा प्रश्न इतक्या सरळपणे विचारणारा दुसरा खेळ माझ्या पाहण्यात नाही.

याचे वर्णनाशिवायचे, केवळ नियमांचे रूप प्रकाशकांनी विनामूल्य ठेवले आहे. ते आधी खेळून पाहावे. दीर्घ कथा किंवा नात्यांची गुंतागुंत यात मिळणार नाही, आणि ती मिळावी अशी अपेक्षाही ठेवू नये.

इंदिरानगरचा जीएम

तिघांचेही आभार. बाँडचा प्रसंग वाचून डेल्टा ग्रीनकडे मन ओढले गेले, पण डॉक्टर खेळाडूचा प्रश्न तसाच उरतो. जखमांचे तक्ते आणि रक्तस्राव हेच तर तिला नको आहे. मग आमच्यासाठी हा सगळा प्रकारच वर्ज्य समजावा का?

प्रतिसाद: गोदाकाठ

वर्ज्य समजण्याचे कारण नाही, पण पारख उलट्या टोकाकडून करावी लागेल. गटाला जे नको आहे ते खेळ सुरू होण्याआधी, सेशन झिरोमध्ये, बोलून घ्यावे. यासाठी रॉन एडवर्ड्स यांनी सुचवलेली ‘लाइन्स आणि व्हेल्स’ ही पद्धत सोपी आहे: काही विषय टेबलावर मुळीच येत नाहीत, आणि काही येतात पण पडद्याआड, वर्णनाशिवाय घडतात. ऐन खेळात कोणी अस्वस्थ झाले तर जॉन स्टॅव्ह्रोपोलस यांचे एक्स-कार्ड आहे. कार्डाला हात लावला की तो तपशील वगळायचा आणि कारण विचारायचे नाही. आपल्याकडे वयाने मोठी माणसे किंवा जिवलग मित्र समोर असले की ‘मला हे नको’ असे तोंडाने म्हणण्याचा संकोच वाटतो, म्हणून हे मुके कार्ड उपयोगी पडते असा माझा अनुभव आहे.

आता ती वगळलेली यादी हातात घेऊन पुस्तकाकडे पाहा. शरीराची चिरफाड खोडल्यावर खेळात काय उरते? वॉरहॅमरमधून जखमांचे तक्ते काढले तर गरिबी, हुद्दा आणि पैशाची चणचण उरते, पण लढाईचा कणा जातो. मोर्क बोर्गमध्ये फारच थोडे उरेल. डेल्टा ग्रीनमध्ये बरेच उरेल, मात्र त्यातल्या प्रकाशित साहसांत मृतदेहांची तपासणी वारंवार येते, आणि तुमची डॉक्टर खेळाडू टेबलावरही शवागारातच पोहोचेल.

तुमच्या गटासाठी मी २०१७ चा जॉन हार्पर यांचा ब्लेड्स इन द डार्क सुचवेन. पात्रे डॉस्कव्हॉल नावाच्या, सूर्य हरपलेल्या शहरातले चोर-भामटे असतात. जखम येथे तक्त्यातून येत नाही. ‘मुरगळलेला घोटा’, ‘थकलेला’ असे दोन शब्द तिच्या तीव्रतेच्या पातळीवर लिहायचे, आणि ते शब्द टेबलावरची माणसे निवडतात. डॉक्टरला सोसेल इतकेच शब्द ठेवता येतात आणि नियमाची धार तसूभरही कमी होत नाही. खरा भार ‘स्ट्रेस’चा आहे. त्याची नऊ घरे असतात. एखादा दुष्परिणाम अंगावर येत असताना खेळाडू तो परतवू शकतो, पण त्याची किंमत सहा उणे फाशांतला सर्वांत मोठा आकडा इतकी पडते, आणि ती फासे टाकल्याशिवाय कळत नाही. घरे भरली की पात्राला एक ‘ट्रॉमा’ जडतो: थंडपणा, संशय, बेपर्वाई, क्रौर्य अशांपैकी एक, आणि तो जात नाही. चौथ्या ट्रॉमानंतर पात्र धंद्यातून बाद होते. यातला बोचरा भाग असा की ट्रॉमामुळे स्वतःला अडचणीत आणले तर अनुभवाचे गुण मिळतात, म्हणून खेळाडू आपल्या माणसाचे वाटोळे आपल्याच हातांनी आणि हौसेने करतात.

निशाचर यांनी सांगितलेला सौदा येथेही आहे, आणि वन-शॉटवाली यांचा वेळेचा मुद्दाही बऱ्यापैकी सुटतो, कारण एक चोरी सहसा एका बैठकीत पुरी होते. मात्र लांबलचक पूर्वनियोजन करणाऱ्या जीएमला हा खेळ सुरुवातीला विचित्र वाटतो. तयारी थोडी आणि ऐन वेळी ठरवायचे फार.

प्रतिसाद: उंदीरमाऱ्या

गोदाकाठ यांची सूचना या गटाला माझ्या सूचनेपेक्षा अधिक लागू पडते. एक व्यावहारिक भर: ब्लेड्सचे नियम खुल्या परवान्याखाली विनामूल्य वाचता येतात, डेल्टा ग्रीन आणि कॉल ऑफ कथुलू यांच्याही प्रारंभिक पुस्तिका प्रकाशकांनी विनामूल्य ठेवल्या आहेत. पात्रांचे कागद कॉलेज रोडवर कोठेही छापून मिळतील. पुढच्या रविवारी यांतला एक खेळून घ्या आणि कोणी कोठे कचरले, कोणी कोठे कंटाळले ते लिहून ठेवा. डॉक्टर खेळाडूचे मत सर्वांत आधी, इतरांनी बोलण्यापूर्वी, विचारा. परदेशी मागणी त्यानंतर नोंदवली तरी चालेल.