मदत हवी आहे : प्रसिद्धिपत्रकाचा पुनरुच्चार टाळून तंत्रज्ञानावर स्वतःचे विश्लेषण कसे लिहावे?

नमस्कार मंडळी,

मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो आणि मोबाइल, इंटरनेट व शेतीची ॲप्स या विषयांवर मराठीत लिहितो. नव्या फोनचा कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, बॅटरी केवढी, किंमत किती, हे कंपनीच्या प्रसिद्धिपत्रकातून उचलून सगळीकडे त्याच क्रमाने छापले जाते. तेच मी पुन्हा लिहिले तर आमच्याकडील वाचकाच्या पदरात काहीच पडत नाही, असे माझे ठाम मत आहे.

स्वतः मोजमाप केले तरच विश्लेषण स्वतःचे, असे मात्र मी मानत नाही. २०२२ च्या स्पेक्ट्रम (मोबाइल लहरींच्या) लिलावात जिओने ७०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे कमी वारंवारितेचा, पट्टा घेतला, ही बातमी सर्वांची होती. कमी वारंवारितेच्या लहरी अधिक दूर पोहोचतात, हेही जुने ज्ञान आहे. परंतु या दोहोंची सांगड घालून, खेड्यात राहणाऱ्याने फोन घेताना त्यात हा पट्टा आहे की नाही ते पाहावे, असे सांगितले तर ते वाचकाच्या उपयोगी पडते.

सध्या मी घेतलेला विषय मात्र मोजमापाशिवाय पुरा होणार नाही. राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइल ॲपवरून पिकाची नोंद करण्याच्या पद्धतीत, शेतकऱ्याने स्वतः वावरात जाऊन पिकाचा फोटो घ्यायचा असतो आणि त्यासाठी फोनला जागेचे अक्षांश-रेखांश मिळावे लागतात. काही वावरांत फोन जागा शोधतच राहतो. दोष ॲपचा, असे लोक गृहीत धरतात; मला कारण जीपीएसच्या, म्हणजे उपग्रहांच्या संकेतांवरून जागा शोधण्याच्या यंत्रणेच्या, कार्यपद्धतीत दिसते. जीपीएसला मुळात इंटरनेट लागत नाही, पण उपग्रह आपल्या कक्षेची माहिती सेकंदाला अवघे ५० बिट या गतीने पाठवतो आणि ती पूर्ण मिळण्यास सुमारे ३० सेकंद अखंड संकेत लागतो. नेटवर्क असेल तर फोन हीच माहिती इंटरनेटवरून पटकन उतरवून घेतो. नसेल तर ती आकाशातूनच मिळवावी लागते, आणि धुऱ्यावरच्या झाडाखाली उभे असताना संकेत मध्येच तुटला तर वाट पाहणे लांबते. गावातून निघतानाच, नेटवर्क असताना, लोकेशन एकदा सुरू करून घेतल्यास वावरातील वेळ वाचेल, असा माझा अंदाज आहे. तो तपासल्याशिवाय छापणे मला योग्य वाटत नाही.

अडचण अशी की, ही माहिती फोनमध्ये काही तास उपयोगी राहत असल्याने एका चाचणीपाठोपाठ घेतलेली दुसरी चाचणी आपोआप जलद येते. साठलेली माहिती पुसून दर वेळी कोऱ्या स्थितीतून सुरुवात करण्याचा खात्रीचा मार्ग कोणता? नकाशावरील निळा ठिपका टॉवर किंवा वायफायवरून काढलेला अंदाजही असू शकतो. मग खुद्द उपग्रहांवरून जागा मिळाल्याची वेळ वेगळी कशी नोंदवावी? माझ्याजवळ एकच फोन आहे, शेजाऱ्यांचे आणखी दोन-तीन साधे फोन मिळतील. एवढ्या साधनांवर कितपत निष्कर्ष काढावा आणि त्याची मर्यादा लेखात कुठे सांगावी?

ज्यांनी अशा चाचण्या घेतल्या आहेत किंवा जमीन मोजणीचे काम केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. खरिपाची पीक पाहणी सुरू होण्याआधी लेख वाचकांच्या हाती पडावा, अशी माझी इच्छा आहे.