विषय: रविवारच्या शाळेची पेटी, लातूरहून काय आणायचं?

मंडळी, नमस्कार.
डिसेंबरच्या सुट्टीत आपल्यातली तीन कुटुंबं लातूर-धाराशिवकडं निघाली आहेत. मेलबर्नच्या शाळेसाठी खऱ्या वस्तूंची पेटी भरून आणावी म्हणतोय. मुलं 12, वय 8 ते 11. मराठी कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. पडद्यावरची चित्रं पुढच्या रविवारपर्यंत टिकत नाहीत. पेटीत काय घालावं, आणि एका तासाला किती वस्तू काढाव्यात?
– शाळा समिती

ताई,
तासाला पाच वस्तू, त्यातल्या दोन मुलांच्या ओळखीच्या. दहा काढल्या की तो तास नाही, प्रदर्शन होतं.

पेटी अशी: बांबूचं सूप, पिठाची चाळणी, लाकडी काठवट (पीठ मळायची परात), लोखंडी तवा, उलथनं, दुरडी. बुरूडआळीतून सूप नवं कोरं घ्या. शेणानं सारवलेलं दिसायला अस्सल, पण शेण-माती लागलेली वस्तू तिकडं विमानतळावर अडवतात. बांबू, लाकूड स्वच्छ असलं तरी उतरताना भरायच्या प्रवासी कार्डावर लिहून दाखवायचंच. ज्वारी, कडबा इथून नेऊच नका. अख्खी ज्वारी तिकडच्या किराणा दुकानात मिळते. जातं कोण उचलणार? त्याचा फोटो पुरे. येळवस (वेळ अमावास्या, शेतातला सण) सापडली तर शेतातल्या कडब्याच्या कोपीचाही, म्हणजे खोपटाचाही, काढा.

आता मुख्य गोष्ट. वस्तू नुसती उचलून दाखवली तर मुलाला ‘सूप’ एवढंच मिळतं, तेही टोमॅटोचं वाटतं. हातात दिली की ‘सुपात’ मिळतं. वाटीतल्या सूपमध्ये मीठ टाकतात, बांबूच्या सुपात ज्वारी टाकतात. हा फरक चित्रातून शिकवून दाखवा बरं! तवा–तव्यावर, काठवट–काठवटीत, दुरडी–दुरडीत. परदेशातली मुलं अडतात ती नामावर कमी, या सामान्यरूपावर (प्रत्यय लागताना नामाचं जे रूप होतं त्यावर) जास्त.

पहिली दहा मिनिटं मुलांनी बोलायचं नाही, फक्त करायचं: “सूप आण. सुपात ज्वारी टाक. सूप दादाला दे.” मग दोनांतलं एक निवडायचं: “सुपात की चाळणीत?” एका शब्दाचं उत्तर चालेल, पूर्ण वाक्याचा आग्रह नको. त्यानंतर हुकूम मुलांनी सोडायचे, बाईंनी पाळायचे. मधूनच चुकीची वस्तू उचला, “नाही, चाळणी!” आपोआप निघतं. शेवटी सगळ्यावर टॉवेल टाकून एक वस्तू काढून घ्या: “काय गेलं?”

क्रियापदासाठी पाव किलो ज्वारीत मूठभर कांद्याची वाळलेली, चुरडलेली सालं आणि सातआठ खडे मिसळा. खडे निवडायचे, सालं पाखडायची, पीठ मात्र चाळायचं. पाखडताना सुपाचं उघडं तोंड पुढं, हलका झटका वर. हलकं ते पुढं उडतं, जड मागं राहतं. हे अंगणात करा. शेंगाची टरफलं वापरू नका, वर्गात कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असू शकते.

फसतं कुठं, तेही सांगतो. ज्वारीकडं बोट दाखवून ‘ज्वारी’ म्हटलं तर मूल त्याचा अर्थ ‘दाणा’ किंवा ‘पांढरं’ असाही घेतं. शेजारी गहू ठेवा. पण गहू ओळखीचा हवा. ज्वारी, बाजरी, राळं एकाच दिवशी नवीन आणली की तिन्हींची सरमिसळ होते. दुसरं, वस्तूवर रोमन अक्षरांत चिठ्ठी नको. डोळे चिठ्ठीवर जातात, वस्तू बाजूला राहते. तो/ती/ते साठी तीन रंगांचे रुमाल अंथरा: तव्याचा एक, काठवटीचा एक, सुपाचा एक.
– परभणीहून, निवृत्त गुरुजी

गुरुजी, छान. एक शंका: आमच्या घरी त्याला कालथा म्हणतात, शेजाऱ्यांकडं उचटणं. मुलांना खरा शब्द कोणता सांगायचा?
– एक पालक

तिन्ही खरे. वर्गात एकच धरा, उलथनं म्हणा हवं तर. पुढच्या रविवारी “तुमच्या घरी काय म्हणतात?” हा गृहपाठ द्या, आजीला फोन करावा लागतो, तेवढंच मराठी बोलणं होतं. पहिल्याच दिवशी तिन्ही नावं सांगितली तर एकही राहणार नाही.

आणि भाकर थापणार असाल तर पिठाचं बघा. पाकिटातल्या जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते, कडा चिरतात, मुलं हिरमुसतात. उकळतं पाणी घालून मोठ्यांनी कालवावं, कोमट झालं की मुलांना मळायला द्यावं. गोळा लिंबाएवढा घ्यायचा. पोळी लाटतात, भाकर थापतात, हे हाताला कळू द्या. भाजणं मोठ्यांकडं.

तवा चेक-इनच्या बॅगेत, सर्वांत तळाला. सूप कपड्यांच्या घडीत उपडं.
– गुरुजी