मदत हवी आहे : क्षयरोगाच्या डीएनए लसीनंतरची प्रतिपिंडे मोजण्याबाबत

क्षयजंतूच्या एजी८५ए प्रथिनाचे जनुक असलेले प्लाझ्मिड (डीएनएचे छोटे वर्तुळ, हीच लस) स्नायूत टोचल्यावर सी५७बीएल/६ या प्रयोगशाळेतील जातीच्या उंदरांच्या प्लीहेतील पेशींकडून इंटरफेरॉन-गॅमा (रोगप्रतिकारक पेशींना संदेश देणारे प्रथिन) भरपूर मिळते, म्हणजे टीएच१ (पेशींमार्फत लढणारा) प्रतिसाद उमटलेला दिसतो. मात्र एलायझाच्या (रंगावरून प्रतिपिंडे मोजणाऱ्या चाचणीच्या) प्लेटवर, अशा प्रतिसादासोबत अपेक्षित असलेल्या आयजीजी२ए या प्रतिपिंड-प्रकाराच्या खाचा जवळजवळ रंगहीनच राहतात. या जातीचे उंदीर आयजीजी२एऐवजी आयजीजी२सी तयार करतात, तेव्हा लसीवर ठपका ठेवण्याआधी तेच मोजावे, असे माझे मत आहे. आयजीजी१ या दुसऱ्या प्रकाराला न चिकटणारे, केवळ आयजीजी२सी ओळखणारे दुय्यम प्रतिपिंड (उंदराच्या प्रतिपिंडाला चिकटून चाचणीत रंग आणणारे) कोणी वापरले असल्यास ते किती विरल करावे, हे कृपया सांगावे. शिवाय, जिवाणूचे प्रथिन सस्तन पेशीत बनताना त्यावर नको तिथे शर्करा जोडल्या गेल्या आहेत का, हे तपासण्याची (आणि खिशाला परवडणारी) पद्धत कोणती? बीसीजीची वर्धक मात्रा देण्यापूर्वी याचा उलगडा व्हायला हवा.