एम ८१ भोवतीची धूळ खरी की ग्रेडियंट (उजेडाचा उतार)? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सप्तर्षीतल्या एम ८१ आणि एम ८२ या दोन दीर्घिकांच्या आसपास जी अगदी अंधुक धूळ असते ना, इंटिग्रेटेड फ्लक्स नेब्युला म्हणतात ती, तिच्या मागे दोन अमावास्या घालवल्यात आणि आता कळेनासं झालंय की फोटोत दिसतंय ती धूळ आहे की माझ्याच प्रोसेसिंगची घाण.

सेटअप साधाच. १३५ एमएम लेन्स एफ २.८ वर, फिल्टर काढून मॉडिफाय केलेला जुना डीएसएलआर, ट्रॅकर (कॅमेरा ताऱ्यांबरोबर फिरवणारा). १२० सेकंदांचे १५० सब (सुटे फोटो), म्हणजे ५ तास झाले. त्याआधी एक आख्खी रात्र ड्युअल बँड फिल्टर लावून बसलो होतो, काय तो शहाणपणा! तो हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेषा तेवढ्या सोडतो, आणि ही धूळ तर कुठल्या एका ताऱ्याने नाही, आपल्या सगळ्या आकाशगंगेच्या उजेडाने उजळलेली, म्हणजे जो प्रकाश हवा तोच मी अडवून बसलो. ती रात्र पाण्यात.

आता स्टॅक (सगळे सब एकत्र करून झालेला फोटो) जोरात स्ट्रेच केला, म्हणजे अंधुक भाग उजळवला, की एम ८२ च्या डावीकडे तपकिरी धुरासारखी वळकटी दिसते, उजव्या कोपऱ्यात एक गोलसर ढगही आहे (तो फार सुंदर आलाय), पण खालून वर सगळा नारिंगी उतार. बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शन (पार्श्वभूमीचा उजेड वजा करणं) मारलं की उतार जातो आणि त्याच्याबरोबर धूळही चाटूनपुसून साफ. फ्लॅट्स (लेन्स-सेन्सरचे डाग आणि कडांचा काळोख काढायला घेतलेले एकसारख्या उजेडाचे फोटो) घरी येऊन दुसऱ्या दिवशी घेतले, मधे लेन्स काढून बॅगेत टाकली होती, हे कबूल करतो.

धूळ वाचवून उतार कसा काढायचा?

प्रतिसाद १
लेन्स काढली तिथेच फ्लॅट्सची वाट लागली. आयआरएएस या इन्फ्रारेड उपग्रहाने १९८३ मध्ये केलेल्या सर्व्हेचा १०० मायक्रॉनचा नकाशा घ्या आणि फोटोवर बसवून बघा, त्यात उजळ आहे तिथे धूळ. सॅम्पल पॉइंट (पार्श्वभूमी मोजायच्या जागा) नकाशात काळोख आहे तिथेच, पाच-सहा पुरे, आणि मॉडेल पहिल्या डिग्रीचं ठेवा, म्हणजे नुसता सरळ उतार निघेल, वळकट्यांना हात लागणार नाही. दुप्पट सिग्नल टू नॉइज (खुरखुरीच्या तुलनेत खरा प्रकाश) हवं असेल तर ५ चे २० तास करावे लागतील, त्यापेक्षा अजून काळोखी जागा शोधा. आणि पुढच्या वेळी कॅमेरा ९० अंशात फिरवून तासभर घ्या. खरी धूळ ताऱ्यांना चिकटून राहते.

धागाकर्ता
काल रात्री फिरवून घेतले. वळकटी एम ८२ शेजारीच राहिली, नकाशातही बरोब्बर तिथेच आहे! उजव्या कोपऱ्यातला सुंदर ढग मात्र कॅमेऱ्याबरोबर फिरला. गेले पंधरा दिवस मी सगळ्यांना तोच झूम करून दाखवत होतो.