दहावीनंतर आयटीआय की अकरावी सायन्स?

सिडकोची आई: मुलाला दहावीला ६८ टक्के पडले. घरातला मिक्सर, पंखा सगळं स्वतः खोलून दुरुस्त करतो पण पुस्तक घेऊन बसवत नाही त्याला, आणि नातेवाईक म्हणतात सायन्सच घ्या. आयटीआयला घातलं तर पुढचं शिक्षण थांबेल का हो?

सातपूरकर: नाही ताई. फिटरचा कोर्स २ वर्षांचा, मग डिप्लोमाला डायरेक्ट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, तिथून इंजिनिअरिंगलाही तसंच. मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत कंपनीत आहे, हातात काम असलेली पोरं शोधून मिळत नाहीत. पण आधी त्याला विचारा.

गंगापूर रोड: २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावीपासून व्यवसाय शिक्षण लिहिलंय, पण माझ्या मुलीच्या शाळेत साधं वर्कशॉप नाही, फार वाईट वाटतं.

सिडकोची आई: विचारलं दादा. वायरमन म्हणतोय, डोळे चमकले त्याचे!